पाऊस घाटात, पूर दौंडला

जुलैच्या उत्तरार्धात दौंडजवळ भीमेच्या पुलावर उभं राहिलं, की पुष्कळ वर्षी एकच देखावा दिसतो. खाली नदी दोन्ही थड्या धरून वाहत असते. पाणी गढूळ, तांबूस; मधूनच बाभळीची उन्मळलेली फांदी नाहीतर जलपर्णीचा हिरवा पुंजका गरगरत जातो. वर मात्र पांढुरके, फाटके ढग पश्चिमेकडून पूर्वेकडे पळत असतात. वारा अंगावरचा सदरा फडफडवतो, पण थेंब पडत नाही. कालव्याचं पाणी जिथवर पोचत नाही, तिथल्या माळावर बाजरी माना टाकून उभी असते आणि शेतकरी म्हणतो, ‘‘ढग नुसते पळत्यात, गळत न्हाईत.’’

नदीला पूर आणि शेत कोरडं, असं कसं? उत्तर नदीच्या उगमाकडे आहे. भीमा भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावते. वाटेत तिला भामा मिळते, तुळापूरला इंद्रायणी मिळते आणि पुढे मुळा-मुठा. या सगळ्या नद्यांची मुळं सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर आहेत. तिथे धो धो पाऊस कोसळतो, धरणं भरतात, दरवाजे उघडतात आणि ते पाणी काही तासांनी दौंडच्या पुलाखालून जातं. म्हणूनच पावसाळ्यात सोलापूरकडचे लोक आपल्या गावच्या आभाळापेक्षा ‘दौंडचा विसर्ग’ किती, हे वर्तमानपत्रात आधी बघतात. उजनी धरण किती भरणार, याचा अंदाज त्या एका आकड्यावरून बांधता येतो. शंभराहून अधिक किलोमीटर लांबच्या पावसावर कोरड्या मुलखातलं एवढं मोठं धरण भरतं, ही साधी गोष्ट नाही.

शिरूरची कथा वेगळी नाही. ज्या नदीवरून या गावाला घोडनदी म्हणतात, ती घोड आंबेगाव तालुक्यातल्या डोंगरांतून येते. तिच्यावर वर डिंभे धरण आहे आणि खाली शिरूर तालुक्यातच चिंचणीजवळ घोड धरण. शिरूरचं पाणीही असं बाहेरगावच्या पावसाचं.

शाळेच्या पुस्तकात या प्रदेशाला ‘पर्जन्यछायेचा प्रदेश’ म्हटलेलं असतं. परीक्षेत एका ओळीची व्याख्या लिहिली की गुण मिळतात आणि विषय संपतो. पण शिरूर-दौंडच्या मुलांनी ही व्याख्या पाठ करायची गरजच नाही. ती त्यांच्या डोक्यावरून रोज वाहत असते. हवामान, वातावरण आणि आकाशातले ग्रहतारे यांचे मूळ धडे शिकायला पुणे जिल्ह्यातले हे दोन तालुके फार चांगली जागा आहेत, आणि त्याचं कारणच मुळी इथला कमी पाऊस हे आहे.

पावसाळ्यात अरबी समुद्रावरून येणारी हवा बाष्पाने ओथंबलेली असते. कोकणपट्टी ओलांडली की तिच्यापुढे हजार मीटर उंचीची सह्याद्रीची भिंत उभी राहते. हवेला वर चढण्यावाचून गत्यंतर नसतं. वर जावं तसा हवेचा दाब कमी होतो, चढणारी हवा प्रसरण पावते आणि प्रसरण पावताना थंड होते. ढग धरेपर्यंत ती दर किलोमीटरला सुमारे १० अंश सेल्सिअसने निवते. एकदा ढग धरला की निम्म्याच वेगाने, कारण बाष्पाचं पाणी होताना उष्णता बाहेर पडते. थंड हवेत बाष्प कमी मावतं. ३० अंशांच्या एक घनमीटर हवेत सुमारे ३० ग्रॅम बाष्प राहू शकतं. २० अंशांच्या हवेत फक्त १७ ग्रॅम. उरलेलं बाष्प थेंब होऊन पडतं, ते घाटमाथ्यावर. लोणावळ्याला वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस होतो, तो याच चढणीमुळे.

आता हीच हवा घाट ओलांडून पूर्वेला उतरते. शिरूर आणि दौंड समुद्रसपाटीपासून साधारण पाचशे ते साडेपाचशे मीटर उंचीवर आहेत. म्हणजे हजार मीटरवरून हवा पाचशे मीटर खाली येते. उतरताना ती दाबली जाते आणि सुमारे ५ अंशांनी तापते. माथ्यावर २० अंशांची आणि बाष्पाने काठोकाठ भरलेली हवा २५ अंशांची झाली, की तिच्यात २३ ग्रॅम बाष्पाची जागा होते. हाताशी असतं मात्र १७ ग्रॅमच. ढगातले बारीक थेंब पुन्हा हवेत विरून जातात. ‘पळणारे’ ढग फाटके का दिसतात, ते यावरून कळतं. लोणावळा ते दौंड हे सरळ रेषेतलं अंतर जेमतेम सव्वाशे किलोमीटर. तेवढ्यात वर्षाचा पाऊस चार हजारांवरून पाचशे मिलिमीटरच्या आसपास उतरतो.

मिलिमीटर हे माप पुष्कळांना परकं वाटतं, कारण पाणी आपण लिटरमध्ये मोजतो आणि पाऊस लांबीच्या मापात. हिशेब मात्र सोपा आहे. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक चौरस मीटर जागेवर एक लिटर पाणी. एक गुंठा म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. तेव्हा एक मिलिमीटर पाऊस म्हणजे गुंठ्याला शंभर लिटर, एकराला चार हजार लिटर. पंचवीस मिलिमीटरची एक चांगली सर एकरभर कांद्यावर एक लाख लिटर पाणी ओतून जाते. हवामान खातं २४ तासांत किमान अडीच मिलिमीटर पाऊस झाला तरच तो ‘पावसाचा दिवस’ धरतं. शिरूर-दौंडमध्ये जुलै-ऑगस्टमध्ये दिवसभर भुरभुर चालू असते, रस्ता ओला राहतो, कपडे वाळत नाहीत आणि पर्जन्यमापकात मात्र अडीच मिलिमीटरही साठत नाही. असा दिवस आठवणीत पावसाचा असतो, नोंदवहीत नसतो. हवामानशास्त्र आठवणीवर विसंबत नाही, ते यासाठीच.

या मुलखाचा खरा पाऊस दोनदा येतो. एकदा मान्सूनच्या आगेमागे, मेअखेर आणि जूनमध्ये, दुसऱ्यांदा सप्टेंबरमध्ये. सप्टेंबरात पश्चिमेचे जोराचे वारे मंदावतात. बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रं आत सरकतात. जमीन दुपारी तापते, हवा जागच्या जागी वर उसळते आणि संध्याकाळी गडगडाटासह पाऊस होतो. याला सह्याद्रीची चढण लागत नाही; हा ढग इथेच जन्मतो आणि इथेच रिता होतो. म्हणून कोकणात जुलै हा पावसाचा महिना, तर दौंड-बारामतीच्या पट्ट्यात सप्टेंबर. काढणीला आलेल्या बाजरीची कणसं याच पावसात काळी पडतात आणि रब्बीच्या ज्वारीला ओलही याच पावसाची मिळते. एकाच सरीने एका पिकाचं नुकसान आणि दुसऱ्याचं भलं होतं.

पहिल्या पावसाची लहरही अशीच. २०२५ मध्ये मान्सून मे महिन्यातच महाराष्ट्रात दाखल झाला आणि मेच्या अखेरीस दौंड, बारामती, इंदापूर या कोरड्या म्हणवल्या जाणाऱ्या पट्ट्यात मुसळधार पावसाने ओढे-नाले रस्त्यांवर आणले. सरासरी पाचशे मिलिमीटर म्हणजे दरवर्षी पाचशे नव्हे. कमी पावसाच्या प्रदेशात एका वर्षापासून दुसऱ्या वर्षातला फरक मोठा असतो, हे सरासरीचा आकडा सांगत नाही.

वळवाचा ढग बघण्यासारखा असतो, पण लांबून. एप्रिल-मेच्या दुपारी क्षितिजावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा एक ढग फुगत वर जातो. बारा-पंधरा किलोमीटर उंचीवर गेला की त्याचा माथा सपाट पसरतो. या दिवसांत साधारण साडेचार-पाच किलोमीटरच्या वर हवा गोठणबिंदूच्या खाली असते. ढगातला जोरदार ऊर्ध्व प्रवाह थेंबांना तिथे पुन्हा पुन्हा नेऊन गोठवत राहतो. वजन पेलवेनासं झालं की गारा पडतात. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राच्या मोठ्या भागाला कित्येक दिवस गारपिटीने झोडपलं. गहू, द्राक्षं, डाळिंबं गेली, जनावरं दगावली.

याच ढगात बर्फाचे कण एकमेकांवर घासून विद्युतभार वेगळे होतात आणि वीज पडते. वीज किती लांब आहे हे कुणालाही मोजता येतं. उजेड क्षणात पोचतो, आवाज सेकंदाला सुमारे ३४० मीटर चालतो. म्हणजे लखलखाट आणि गडगडाट यांच्यामधले सेकंद मोजून त्यांना तीनने भागलं की किलोमीटर मिळतात. नऊ सेकंद म्हणजे तीन किलोमीटर, आणि तीन किलोमीटर हे अंतर सुरक्षित नाही. शेतात एकट्या झाडाखाली थांबणं, उघड्या ट्रॅक्टरवर बसून राहणं, विहिरीच्या मोटारीला हात लावणं या तिन्ही गोष्टी जिवावर बेतू शकतात. पक्क्या घरात किंवा बंद गाडीत जावं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेने विजेच्या सूचनेसाठी ‘दामिनी’ नावाचं मोबाइल ॲप केलेलं आहे. शेतात राबणाऱ्या प्रत्येक घरातल्या एका तरी फोनवर ते असायला हवं.

या संस्थेचा आणि या मुलखाचा संबंध बराच जुना आहे. १९७२ च्या दुष्काळाची झळ ताजी असताना, १९७३ पासून तिने अहमदनगर (आता अहिल्यानगर) आणि बारामती यांच्या दरम्यानच्या टापूत ढगांवर मीठ फवारून पाऊस वाढतो का, हे पाहायला सुरुवात केली. मध्ये काही वर्षं वगळून १९८६ पर्यंत एकूण अकरा पावसाळे हा प्रयोग चालला. आजही महाराष्ट्रातल्या थोड्याच लोकांना तो ठाऊक आहे, याचं वाईट वाटतं.

कल्पना अशी, की या भागातल्या पावसाळी ढगांचे थेंब फार बारीक असतात. थेंब मोठा झाल्याशिवाय तो पडू शकत नाही. मिठाचा कण पाणी ओढून घेतो, त्याच्याभोवती मोठा थेंब तयार होतो आणि तो खाली येताना वाटेतल्या बारीक थेंबांना गिळत जातो. म्हणून मिठाची पूड, ती गोळा होऊ नये म्हणून तिच्यात शंखजिऱ्याची पूड मिसळून, विमानातून ढगांत सोडायची. इथवर कुणालाही समजेल. अवघड भाग पुढचा होता: मीठ टाकलं आणि पाऊस पडला, तर तो मिठामुळे पडला की तसाही पडणारच होता? यासाठी शास्त्रज्ञांनी टापूचे तीन भाग केले. उत्तरेकडचा, दक्षिणेकडचा आणि मधला मोकळा पट्टा. कोणत्या दिवशी कोणत्या भागावर मीठ टाकायचं, हे यदृच्छेने ठरे, म्हणजे माणसाच्या मर्जीने नव्हे. मग दोन्ही भागांतल्या पर्जन्यमापकांचे आकडे ताडून पाहायचे. सरासरी २४ टक्के वाढ झाल्याचा निष्कर्ष संस्थेने मांडला. असे निष्कर्ष एका प्रयोगाने कायमचे सिद्ध होत नाहीत आणि जगभर कृत्रिम पावसाविषयी वाद चालूच आहेत. संस्थेनेही २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरात रडार, विमान आणि नवी उपकरणं घेऊन तो प्रश्न पुन्हा हाती घेतला. ढगच नसेल तर मीठ टाकून उपयोग नाही, हे मात्र पक्कं. कृत्रिम पाऊस म्हणजे कोऱ्या आभाळातून पाणी काढणं नव्हे.

मान्सूनच्या अभ्यासात पुण्याचं नाव का येतं, याचंही कारण आहे. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचं मुख्यालय १९२८ मध्ये सिमल्याहून पुण्याला आलं. शिवाजीनगरच्या त्या इमारतीला पुणेकर आजही ‘सिमला ऑफिस’ म्हणतात.

शेतकऱ्याचं स्वतःचं एक पंचांग आहे. रोहिणी, मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त, चित्रा, स्वाती: पावसाची ही नक्षत्रं शाळेत न गेलेल्या आजीलाही क्रमाने येतात. गंमत अशी की यात हवामान आणि खगोल एकत्र गुंफलेले आहेत आणि पुष्कळ मुलांना ते लक्षात येत नाही. ‘मृग लागला’ असं ७-८ जूनला घरात म्हणतात, आणि रात्री आकाशात पाहिलं तर मृग कुठेच दिसत नाही. का? कारण ‘मृग लागला’ म्हणजे सूर्य मृग नक्षत्राच्या दिशेला आला. ज्या ताऱ्यांसमोर सूर्य उभा आहे, ते दिवसा आकाशात असतात आणि त्याच्या झगझगाटात लपतात. सहा महिन्यांनी पृथ्वी सूर्याच्या दुसऱ्या बाजूला गेली, की डिसेंबर-जानेवारीच्या रात्री तोच मृग डोक्यावर येतो. त्याच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, मागे लागलेला तेजस्वी व्याध आणि पुढे तांबूस रोहिणी, हे सगळं उसाला पाणी द्यायला रात्री रानात जाणाऱ्या माणसाच्या ओळखीचं असतं. व्याधाचा प्रकाश आपल्यापर्यंत यायला साडेआठ वर्षांहून थोडा जास्त वेळ लागतो. रोहिणीचा सुमारे ६५ वर्षं. आज दिसणारी रोहिणी ही त्या माणसाच्या वडिलांच्या लहानपणी निघालेला उजेड आहे.

सूर्याच्या वार्षिक वाटेचे २७ भाग केले, तर एक भाग १३ अंश २० कलांचा होतो. सूर्य रोज सुमारे एक अंश सरकतो. म्हणून एक नक्षत्र तेरा-चौदा दिवस चालतं. हे गणित नेमकं आहे. ते पावसाला लागू पडतं, कारण मान्सूनही सूर्याच्या वार्षिक चक्राशी बांधलेला आहे. मात्र पृथ्वीचा अक्ष फार सावकाश डोलतो आणि त्यामुळे सूर्याची नक्षत्रप्रवेशाची तारीख सुमारे ७२ वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. आजच्या कॅलेंडरने मोजलं तर शिवकाळात मृग चार-पाच दिवस आधी लागत होता. ऋतू तारखेला धरून राहिले, नक्षत्र पुढे गेलं. पंचांगात नक्षत्राचं वाहन बेडूक की गाढव, यावरून पाऊस सांगतात, त्याला मात्र निरीक्षणाचा काही आधार नाही. नक्षत्रांचा क्रम जपावा आणि वाहनावर पेरणी ठरवू नये.

सूर्याची ही वाट शिरूर-दौंडच्या अंगणात मोजता येते, आणि इथे एक सुरेख योग जुळून आलेला आहे. दौंड साधारण १८.४७ अक्षांशावर, शिरूर १८.८३ वर. दोन्ही गावं कर्कवृत्ताच्या दक्षिणेला असल्याने वर्षातून दोनदा सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. दौंडला हा दिवस १३ मेच्या आसपास येतो, शिरूरला त्यानंतर दीडएक दिवसाने. वेळ घड्याळात बाराची नसते, साडेबाराच्या सुमाराची असते. कारण आपलं घड्याळ ८२.५ रेखांशाचं आहे आणि ही गावं त्याच्या पश्चिमेला साधारण आठ अंश. जुलैच्या अखेरीस सूर्य दक्षिणेला परतताना आधी शिरूरवरून आणि मग दौंडवरून जातो, पण तेव्हा आभाळ बहुधा झाकलेलं असतं. म्हणून मे महिना गाठावा. सुट्टी असली तरी काठी आणि ऊन कुठे सुट्टीवर असतं!

योग हा, की दोन गावांच्या अक्षांशांतला फरक ०.३६ अंश आहे. वर्तुळाच्या ३६० अंशांचा तो हजारावा भाग. नकाशावर दौंड आणि शिरूर यांच्यामधलं फक्त दक्षिणोत्तर अंतर मोजलं, तर ते सुमारे ४० किलोमीटर भरतं. त्याला हजाराने गुणा: ४० हजार किलोमीटर. हा पृथ्वीचा परीघ.

इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात इराटोस्थेनिस या विद्वानाने इजिप्तमध्ये हेच केलं होतं. सायीन गावात सूर्य डोक्यावर असताना अलेक्झांड्रियात तो सुमारे ७.२ अंश कललेला होता, म्हणजे वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाइतका. दोन गावांमधलं अंतर त्याने पन्नासने गुणलं. शिरूर-दौंडमधला कोन लहान असल्याने मोजमाप जास्त काळजीने करावं लागतं. २२ डिसेंबरच्या दुपारी एक मीटर काठीची सर्वांत आखूड सावली दौंडला सुमारे ९० सेंटीमीटर पडते आणि शिरूरला तिच्याहून साधारण एक सेंटीमीटर जास्त. काठी तीन मीटरची घेतली तर फरकही तिप्पट होतो. सूर्य बिंदू नाही, तबकडी आहे. म्हणून सावलीची कड धूसर असते आणि चूक तिथेच होते. दोन शाळांनी मिळून हे केलं आणि उत्तर ३५ हजार किंवा ४५ हजार आलं, तरी मुलं पृथ्वी मोजून घरी जातील.

हिवाळ्यात या तालुक्यांचं वातावरण वेगळाच धडा देतं. दौंड तालुक्यात केडगाव-चौफुल्याच्या पट्ट्यात गुऱ्हाळं पुष्कळ. पहाटे काहिलीखाली चिपाडाचा जाळ लागतो, धुराडं काळा धूर ओकू लागतं. उन्हाळ्यात तो धूर सरळ वर जाऊन विरतो. डिसेंबरच्या पहाटे तो थोडा वर जातो आणि अदृश्य झाकणाला लागल्यासारखा आडवा पसरतो. उसाच्या तुऱ्यांवर, नदीकाठच्या धुक्यात, मैलभर त्याची पट्टी तरंगत राहते. निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता आकाशात सोडून देते, तिच्यालगतची हवा गार पडते आणि वरची हवा तिच्यापेक्षा ऊबदार राहते. नेहमी उंचीबरोबर तापमान घटतं. इथे ते काही अंतरापर्यंत वाढतं. याला तापमानाची विपरीतता म्हणतात. जड, गार हवा खालीच बसते, धूर तिच्यात अडकतो. नऊ-दहा वाजता ऊन जमिनीला तापवतं, हवा ढवळली जाते आणि पट्टी मोडते. पहाटे डोळे चुरचुरतात आणि दुपारी नाही, याचं कारण हे आहे. धूर तेवढाच असतो, फक्त त्याला जायला जागा नसते. म्हणून गुऱ्हाळात चिपाडाऐवजी प्लास्टिक किंवा रबर जाळलं, तर त्याचं विष हिवाळ्यात गावाच्या श्वासातच राहतं.

त्याच निरभ्र रात्री खगोलशास्त्राला हव्या असतात. शिरूरच्या वायव्येला, जुन्नर तालुक्यात खोडद इथे जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या इंग्रजी वाय अक्षराच्या आकारात पंचवीस किलोमीटरच्या परिसरात पसरलेल्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून ती उभी राहिली. मोठ्या शहरांच्या रेडिओ गोंगाटापासून दूर, पण पुण्याच्या हाताशी, अशी जागा त्यांना हवी होती. रेडिओ लहरी ढगांतून पार होतात, त्यामुळे ही दुर्बीण भर पावसाळ्यात, भर दिवसाही काम करते. डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशाची गोष्ट वेगळी. घोडच्याच खोऱ्यात, घोडेगावजवळच्या गिरवलीला आयुका या संस्थेची दोन मीटर व्यासाचा आरसा असलेली दुर्बीण आहे. पावसाळ्याचे ढग आले की तिला थांबावं लागतं. ज्या ढगांची शिरूर वाट पाहतं, तेच गिरवलीच्या दुर्बिणीचे डोळे मिटतात.

२८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनी, खोडदला विज्ञानप्रदर्शन भरतं आणि शाळकरी मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात. शिरूर-दौंडच्या शाळांनी तिथे न्यायला प्रयोग शोधत बसायचं कारण नाही. सरळ कडेचा एक डबा, एक मोजपट्टी आणि एक वही पुरे. डबा झाडापासून आणि भिंतीपासून लांब ठेवावा, हवामान खात्याप्रमाणे रोज सकाळी साडेआठला पाणी मोजावं, रिकामा करावा, मिलिमीटर लिहावेत. आणि थेंब पडला नाही त्या दिवशीही शून्य लिहायला विसरू नये. जूनच्या पहिल्या दिवसापासून ऑक्टोबरच्या शेवटच्या दिवसापर्यंत. शेजारच्या रकान्यात त्या दिवशीचा दौंडचा विसर्ग लिहावा, आणि अशा नोंदी शिरूर-दौंडच्या दहा शाळांनी एकमेकांना दाखवाव्यात.